एकांकिकेतील अंतराळयानावरचे न दिसणारे संकट: माझा अनुभव

ठाण्यातील आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एकांकिकेत यानाची कप्तान आणि त्याच यानावरचा अभियंता ही सख्खी भावंडे होती. पण संकटच प्रेक्षकांना जाणवत नसल्यामुळे कप्तानाची घालमेल तालमीत कोरडी वाटत होती. उल्कापात, परग्रहवासी असे उपाय सुचवले गेले. मला ते उसने वाटले.

मी वजनरहित अवस्थेतील एका वस्तुस्थितीचा आधार घेतला. पृथ्वीवर उबदार हवा वर जाते आणि उच्छ्वास आपोआप दूर होतो. तेथे तसे घडत नाही, म्हणून पंखा बंद पडल्यास झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. १९७० मध्ये अपोलो १३ या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांना याच वायूच्या वाढत्या प्रमाणामुळे तो शोषून घेणारे चौकोनी डबे गोल डब्यांसाठीच्या यंत्रणेला जोडावे लागले होते.

त्यानुसार पंख्याची मंद घरघर सुरुवातीपासून ऐकवून ती संवादाच्या मध्येच थांबवली. पात्रांना ते लगेच कळत नाही, प्रेक्षकांना कळते. उरलेली वीज एकाच दालनातील पंख्याला पुरेल अशी अट घातल्यावर झोपलेले सहकारी की एकटा भाऊ, हा निर्णय कप्तानाला टाळता येईना. तिचे लांबलचक स्वगत मी काढून टाकले (अभिनेत्रीचा रुसवा बराच टिकला) आणि भावाला "ताई, तिकडचा चालू कर" एवढेच वाक्य दिले. तालमीच्या खोलीतील खऱ्या पंख्यात ती घरघर हरवत असल्याने मे महिन्याच्या उकाड्यातही तो बंद ठेवावा लागला.