कुरणात शिरलेलं नको ते गवत तणनाशकानं कसं काढावं

कुरणात रुंद पानांचं तण माजलं तर टू-फोर-डी हे तणनाशक फवारून मोकळं होता येतं, चाऱ्याला धक्का लागत नाही. गवतात गवतच शिरलं की मात्र पंचाईत होते. टू-फोर-डीनं ते मरत नाही आणि ग्लायफोसेट हे तणनाशक चाऱ्यासकट सगळंच जाळतं. म्हणून ग्लायफोसेट फक्त नको असलेल्या गवतालाच लागेल, हे मग आपल्यालाच बघावं लागतं.

आधी एक ठोंब मुळासकट उपटून पाहा. नुसती झुपकेदार मुळं असतील आणि गवत दर हंगामात बियांपासूनच उगवत असेल, तर बी धरण्याआधी फवारणी उरका. बरूसारख्या गवताला जमिनीखाली जाड, आडवी खोडं असतात. त्याला तुरा येण्याच्या सुमारास गाठा, कारण तेव्हा पानांतल्या अन्नरसाबरोबर औषध खालपर्यंत उतरतं. नुकत्याच कापलेल्या किंवा पाण्यावाचून कोमेजलेल्या गवतावर फवारलेलं औषध वाया जातं.

गवत ठिकठिकाणी असेल तर पाठीवरचा पंप पुरतो. नोझलला हूड, म्हणजे फवारा आजूबाजूला उडू न देणारी टोपी, लावा. ४१ टक्के ग्लायफोसेट साधारण लिटरला १० ते २० मिली लागतं, पण शेवटचा शब्द लेबलाचा. पाणी स्वच्छच हवं. गढूळ पाण्यातली माती औषधाला धरून ठेवते आणि पंपातच त्याचा जोर जातो. पानं ओली व्हावीत, थेंब गळू नयेत. वारा असेल, पाऊस येणार असेल किंवा ओढा-तळं जवळ असेल तर फवारू नका. हातमोजे, चष्मा आणि मास्क लागतोच.

गवत सगळीकडे पसरलं असेल तर मला सर्वांत पटलेली युक्ती उंचीची आहे. आधी जनावरं चरू द्या. चांगलं गवत खाली बसतं, जनावरं तोंड लावत नाहीत ते उंच राहतं. मग औषधात भिजलेली दोरीची वात त्या शेंड्यांवरून फिरवा, एकदा जाताना आणि एकदा उलट्या दिशेनं येताना. खालच्या चाऱ्याला थेंबही लागत नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस कापणी किंवा नांगरणी नको. लेबलावरची मुदत संपेपर्यंत जनावरं बाहेरच ठेवा. बरूच्या बाबतीत तर ते पूर्ण वाळेपर्यंत अजिबात सोडू नका: कोमेजताना त्यात ज्वारीच्या कोवळ्या कोंबांतलं तेच प्रुसिक आम्लाचं विष तयार होतं आणि जनावर काही मिनिटांत दगावू शकतं.

मोकळी झालेली जागा तशीच सोडलीत तर तिथं पुन्हा तेच गवत उगवेल. ग्लायफोसेट मातीत बांधलं जातं, नव्या बियाण्याला त्रास देत नाही. तण पुरतं मेलं की चाऱ्याचं बी पेरा आणि ते मूळ धरेपर्यंत तिथली चराई बंद ठेवा. जमिनीत पडून राहिलेलं बी पुढच्या हंगामातही उगवेल, म्हणून पहिल्या पावसानंतर कुरणातून एक फेरी मारा. तेव्हा दिसणारी कोवळी रोपं हातानंही सहज उपटतात.