बोकडाच्या भेज्यावरून मानवी मेंदूची रचना कशी समजून घ्यावी

पुस्तकातील रंगीत आकृतीवरून मेंदूच्या भागांची नावे पाठ होतात, परंतु कोणता भाग कशाला जोडलेला आहे हे त्यातून फारसे उमगत नाही. त्यासाठी मटणाच्या दुकानातून बोकडाचा भेजा आणावा. मुंडी सत्तुराने मधोमध फोडली जात असल्यामुळे भेजा बहुधा दोन तुकड्यांत हाती येतो आणि मागचा लहान मेंदू कवटीतच राहून जातो. म्हणून ‘अख्खा, मागच्या देठासकट काढून द्या’ असे खाटकाला आधीच सांगून ठेवावे. ताजा भेजा फार मऊ असतो. तो हलक्या हाताने धुऊन अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवला की सुरी नीट चालते. हातमोजे अवश्य घालावेत.

ताटात ठेवलेल्या भेज्यावर लाल शिरांचे जाळे असलेला पातळ पापुद्रा दिसतो. मेंदूच्या तीन आवरणांपैकी हे सर्वांत आतले होय; बाहेरचे चिवट आवरण बहुतेक वेळा कवटीलाच चिकटून राहते. चिमट्याने सोलू लागल्यावर हा पापुद्रा प्रत्येक घडीत खोलवर उतरलेला असल्याचे लक्षात येते. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्केच असूनही विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास 20 टक्के तो एकटा वापरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शिरांच्या दाटीचे नवल वाटत नाही.

आता भेजा उलटा करावा. पुढच्या टोकाला वासाचे दोन ठळक कंद दिसतील. माणसात ते अगदी चिमुकले असतात. त्यांच्या मागे दोन पांढऱ्या दोऱ्या एकमेकींना फुलीसारख्या भेटतात. त्या दृष्टिचेता होत.

यानंतर दोन गोलार्धांमधील खाचेतून धारदार सुरी एकाच दमात देठापर्यंत न्यावी. करवतीसारखी मागेपुढे केल्यास सगळा लगदा होतो. कापलेल्या बाजूवर मधोमध दिसणारा पांढरा कमानदार पट्टा दोन्ही गोलार्धांमध्ये संदेशांची ने-आण करतो. पृष्ठभागाजवळचा करडा थर चेतापेशींच्या शरीरांचा, तर आतला पांढरा भाग त्यांच्या लांब तंतूंचा असतो. लहान मेंदूच्या छेदात मात्र हाच पांढरा भाग झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला दिसतो, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपातील हे सर्वांत सुंदर दृश्य आहे. तोल सांभाळणे आणि हालचालींत सफाई आणणे हे या भागाचे काम होय.

मानवी मेंदू यापेक्षा कितीतरी मोठा, साधारण 1300 ते 1400 ग्रॅमचा असतो. त्यात मोठा मेंदू इतका वाढलेला असतो की तो लहान मेंदूला वरून झाकून टाकतो. कपाळामागचा भाग तर बोकडाच्या भेज्यावरून कल्पनाही करता येणार नाही एवढा विस्तारलेला असतो. पॅरिसमधील शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये, वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर, याच भागाच्या डाव्या बाजूला इजा झाल्याचे दाखवून दिले होते.

देठ शेवटी पाहावा. त्याच्या खालच्या टोकाशी, म्हणजे लंबमज्जेत, श्वासोच्छ्वास आणि हृदयाचे ठोके यांचे नियंत्रण होते. माणसात हालचालींचे बहुतेक तंतू येथेच बाजू बदलतात, त्यामुळे मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आल्यास उजवा हात-पाय लुळा पडतो.

काम संपल्यावर ताट, सुरी आणि ओटा गरम पाण्याने व साबणाने धुवावा, आणि इतका वेळ हाताळलेला भेजा मात्र कढईत टाकू नये.