ताण आधी अंगात दिसतो: तो ओळखायचा आणि उतरवायचा कसा

हे वाचता वाचता जबड्याकडे लक्ष द्या. ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ते दाबलेले असतील, खांदे कानांकडे चढलेले असतील, तर ‘मला कसलं टेन्शन नाही’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. मनाला पत्ता लागण्याआधीच ताण अंगात उतरलेला असतो. मान भरून येणं, अ‍ॅसिडिटी, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, एकच मेसेज तीनदा वाचूनही न कळणं, मुलांवर क्षुल्लक कारणावरून ओरडणं, ही सगळी त्याचीच रूपं.

धोका दिसला की अ‍ॅड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, धोका टळला की उतरतात. पण कर्जाचा हप्ता किंवा ऑफिसचा रात्रीचा मेसेज हा धोका टळतच नाही. म्हणून शरीराला मुद्दाम खाली आणावं लागतं.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. सकाळ, दुपार, रात्र: काय चाललं होतं, अंगात कुठे जाणवलं, आणि 0 ते 10 मध्ये किती. एवढंच, दोन ओळींत. ताण दिवसभर सारखा नसतो, ठरावीक वेळी आणि ठरावीक माणसांपाशी चढतो, हे बहुतेकांना वहीतच पहिल्यांदा दिसतं.

लगेच उतरवायला श्वास हाताशी असतो. पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. इथे हमखास चूक होते ती ‘खोल श्वास घ्या’ हे ऐकून छाती भरभरून जोरात श्वास घेण्याची. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, संथ हवा. बाहेर सोडणं लांबलं की नाडी मंदावते. आणि सराव शांत असताना करा. भांडण पेटल्यावर पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही.

अंग आखडलेलं असेल तर अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली पद्धत फार उपयोगी आहे. मूठ पाच सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि वीस सेकंद हात कसा जड, सैल पडतो ते बघा. पुढे खांदे, चेहरा, पोट, पाय. पूर्ण ताकद लावू नका, पोटरीत गोळा येतो. दुखावलेला भाग वगळा. आवळण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष हवं. घाईत लोक नेमकं तेच गाळतात.

डोक्यात घोळणाऱ्या विचारांना वेळ नेमून द्या. संध्याकाळी वीस मिनिटं, एकाच खुर्चीत, अंथरुणात कधीच नाही. दिवसा काळजी आली की दोन शब्द टिपून ठेवा, निवाडा संध्याकाळी. हातात असलेल्या गोष्टीपुढे पुढचं कृत्य लिहा: ‘सोमवारी अकराला बँकेत फोन’. नुसतं ‘कर्जाचं बघायचं’ लिहिलंत तर काळजी तिथेच राहते.

चहा-कॉफीतलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीही अंगात असतं, म्हणून शेवटचा कप दुपारी तीन-चारपर्यंत. सिगारेटने हलकं वाटतं ते बहुतेक तलफ भागल्यामुळे. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री मोडते.

घरच्यांनी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणू नये. ‘आज यातलं कुठलं काम मी करू?’ असं विचारावं, आणि ते करावं.

दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा; थायरॉइड आणि रक्तक्षयही असेच भासतात. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका, जवळच्या माणसाला स्पष्ट सांगा आणि 14416 वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येतं.