ग्लासातली जेल मेणबत्ती घरी कशी करावी

जेल मेणबत्तीत मेण नसतंच. पाण्यासारखं नितळ खनिज तेल आणि त्याला धरून ठेवणारं थोडं पॉलिमर, एवढाच तो माल. म्हणजे थिजवलेलं तेल. हे लक्षात ठेवून काम केलं तर निम्म्या चुका होतच नाहीत. दिवाळीच्या तोंडावर बरेच जण जिलेटिन किंवा चायना ग्रास पाण्यात शिजवून, त्यात रंग घालून ‘जेल’ करतात. ते ग्लासात छान दिसतं, पण त्यात पाणी असतं, त्यामुळे वात तडतडते आणि विझते. मेणबत्तीसाठी तयार जेल वॅक्सच विकत घ्यावं लागतं. मऊ, मध्यम आणि घट्ट असे त्याचे प्रकार मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने मध्यम घ्यावं. मऊ जेलमध्ये सजावटीचे शिंपले खाली बसतात आणि वासही कमी मावतो.

हिशेब वजनावर करा. जेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १०० मिलिलिटर जागेत साधारण ८५ ग्रॅम बसतं. २०० मिलिलिटरचा ग्लास वरून दोन बोटं मोकळा सोडून भरायचा, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आत काम होतं. दोन ग्लासांसाठी ३०० ग्रॅम जेल आणि फार तर ९ ग्रॅम सुगंधी तेल घ्या, म्हणजे शेकडा तीन. जास्त घातलं म्हणून वास जास्त येत नाही. जेल धुरकट होतं आणि ज्योत भडकते.

ग्लास जाड काचेचा, सरळ उभा आणि तोंडाला किमान सहा सेंटिमीटर रुंद हवा. कटिंग चहाचा ग्लास खाली निमुळता असतो, त्यामुळे शेवटी ज्योत काचेला टेकते आणि काच तडकते. तो नको. बेळगावजवळच्या खानापूरची मातीची भांडी कितीही देखणी असली तरी जेलसाठी नकोत. बिनचकाकीची माती तेल शोषते, आणि मातीत जेलचा नितळपणा दिसणार तरी कसा? त्यांत साधं मेण ओता.

वातीच्या बाबतीत काटकसर करू नका. देवाजवळच्या समईची कापसाची वात जेलमध्ये वाकते आणि बुडते. मधे जस्ताची तार असलेली वात मागून घ्या. मात्र ती आधीच मेणात बुडवलेली नको, ते मेण जेलमध्ये उतरून ढगासारखं दिसतं. वात खाली ज्या चकतीत बसवतात, त्या चकतीला वर आलेली नळी असते. ही नळी सुमारे एक सेंटिमीटर उंच हवी. तळाशी थोडंच जेल उरतं तेव्हा ज्योत या नळीच्या तोंडाशी येऊन आपोआप विझते. नळी नसेल तर तळचं सगळं तापलेलं तेल एकदम पेटू शकतं.

वास तपासायची सोपी युक्ती

सुगंधी तेल जेलमध्ये विरघळायला हवं. एका छोट्या बाटलीत एक भाग सुगंध आणि तीन भाग बिनवासाचं खनिज तेल घालून हलवा. अर्ध्या तासाने मिश्रण नितळ असेल तर चालेल. गढूळ झालं किंवा थर सुटले, तर कितीही महागडं असलं तरी बाजूला ठेवा. पुष्कळशी अत्तरं इथेच नापास होतात. दुसरी अट पेट घेण्याच्या तापमानाची. ते बाटलीवर किंवा दुकानदाराकडे मिळतं आणि ८० अंशांच्या वर हवं. निलगिरीच्या तेलाची वाफ साधारण ५० अंशांनाच पेटू शकते, म्हणून ते नको. कापूरही नको.

रंग तेलात विरघळणारा, मेणबत्तीचाच घ्या. खायचा रंग पाण्याचा असतो, तो ठिपक्यांसारखा तळाला बसतो. खडूच्या रंगातली भुकटी वातीत अडकून ज्योत मंदावते. रंग काडीच्या टोकाला लागेल एवढाच पुरतो. तापलेल्या जेलचा थेंब पांढऱ्या बशीवर टाकून, गार झाल्यावर छटा बघा.

वितळवणं

डबल बॉयलर, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेलं दुसरं भांडं, इथे उपयोगाचा नाही. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे पाणी ९७–९८ अंशांनाच उकळतं आणि वरच्या भांड्यातलं जेल त्याहून बरंच गार राहतं. ते पाकासारखं चिवट राहतं आणि त्यात हवा अडकते. शिवाय वाफेचे थेंब आत पडले की जेल पांढुरकं होतं. म्हणून जाड तव्यावर जाड बुडाचं कोरडं स्टीलचं पातेलं ठेवा आणि आच अगदी मंद ठेवा. जेलचे कात्रीने छोटे तुकडे करा. ३०० ग्रॅमला २५ ते ३० मिनिटं लागतात. थर्मामीटर आत टांगलेला असू दे. १०० ते १०५ अंश झाले की पुरे. १२० च्या वर जाऊ देऊ नका, जेल पिवळं पडतं आणि धूर येऊ लागतो. चमचा सावकाश फिरवा. भराभर ढवळलं की आपणच हवा कोंबतो.

पातेल्यावर बसणारं झाकण जवळ ठेवा. पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी मारायचं नाही. पाण्याने तापलेलं तेल उसळून अंगावर येतं. लहान मुलं त्या वेळी स्वयंपाकघरात नकोत.

बुडबुडे कुठून येतात

मेणबत्तीवर सगळ्यात जास्त तक्रारी बुडबुड्यांच्याच असतात. त्यांची मुळं तीन: गार काच, कोरडी वात आणि ओलसर सजावट.

डिसेंबरातल्या गार सकाळी थंड ग्लासात जेल ओतलं की काचेलगत ते लगेच थिजतं आणि हवा तिथेच अडकते. ग्लास आधी ६० ते ७० अंशांपर्यंत ओव्हनमध्ये तापवा. ओव्हन नसेल तर तापलेल्या तव्यावर जाड फडकं घालून, त्यावर उपडे ठेवा.

वात वितळलेल्या जेलमध्ये बुडवून धरा, तिच्यातून फुगे निघायचे थांबेपर्यंत. मग चकती तापलेल्या जेलच्या थेंबाने तळाला चिकटवा.

गोव्याहून आणलेले शिंपले घालायचे असतील तर गोड्या पाण्यात धुऊन दोन दिवस उन्हात कडक वाळवा, आणि घालण्याआधी तेही जेलमध्ये बुडवून काढा. खानापूरकडच्या पावसाळ्यात वाळवणं जमत नाही, त्या दिवसांत काचेचे मणीच बरे. सजावट काचेकडेला, वातीपासून दोन-अडीच सेंटिमीटर लांब ठेवा. सुकी फुलं, काड्या, प्लास्टिक आणि चमकी नकोच, त्यांची दुसरी वात होते.

गॅस बंद करून सुगंध घाला, दोन मिनिटं हळू ढवळा आणि जेल ९५ अंशांच्या आसपास असताना ओता. ग्लास थोडा तिरका धरून, धार काचेवरून सोडा. वात वरती दोन काड्यांमध्ये धरून सरळ ठेवा. पंखा लावू नका, रात्रभर हलवू नका. तरीही फुगे राहिले तर ग्लास ८० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, बरेचसे वर येतात.

दोन रंगांचे थर करायचे असतील तर पहिला थर घट्ट झाल्यावरच दुसरा ओता. पण काही आठवड्यांत रंग एकमेकांत उतरतातच, म्हणून असे ग्लास सणाच्या दोन-चार दिवस आधीच करावेत.

जाळताना

दर वेळी वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापा. लांब वात काजळी धरते. एका वेळी दोन-तीन तासांपेक्षा जास्त जाळू नका, पेटलेला ग्लास उचलू नका आणि तळाला दीड सेंटिमीटर जेल उरलं की थांबा. ज्योत टिचभरच राहत असेल तर वात बारीक आहे. भडकून धूर येत असेल तर जाड आहे.

उरलेलं जेल मोरीत ओतू नका, पाइपात थिजून बसतं. जळकी वात काढून, गाळून पुन्हा वितळवता येतं. पातेलं गरम असतानाच कागदाने पुसून घ्या आणि मगच साबण लावा.