भाड्याची कार घेऊन नागपूर ते मनसर, एका दिवसात

नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत एवढं जुनं वैभव पडून आहे आणि आपण दर वेळी फक्त रामटेकचं दर्शन करून परत येतो, त्यामुळे हे लिहून राहिलो. मनसरची हिडिंबा टेकडी, म्हणजे जुन्या विटांच्या बांधकामाचे अवशेष असलेली टेकडी, बघायला अर्धा दिवस तरी काढा, घाईत काही कळत नाही तिथे.

आधी गाडीचं. सेल्फ ड्राइव्ह घेत असाल तर नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत का ते बघा, कारण खाजगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सचा घोळ होतो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, टायर, काच, आतलं सीट असा एकच सलग व्हिडिओ काढा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा त्यात दिसला पाहिजे, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार ते मेसेजवर लिहून घ्या. फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे का तेही विचारून घ्या. किलोमीटरची लिमिट असेल तरी टेन्शन नाही, जाऊन-येऊन सगळं धरून दीडशेच्या आत बसतं.

सकाळी साडेसहाला निघा, तर्री पोहे खाऊन. ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान असं जबलपूर रोडने सरळ जायचं. मनसर आलं की रामटेकचा फाटा उजवीकडे लागतो, पण आधी हिडिंबा टेकडीच करा, कारण एकदा ऊन चढलं की विटा तापतात आणि सावली फारशी नाही. पाणी भरपूर न्या, चप्पल नको, बूट घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं खरं पण विटांवर शेवाळ येतं, लहान पोरं सोबत असतील तर जपून.

आता बघायचं काय. १९९७-९८ च्या सुमारास इथे मोठं उत्खनन सुरू झालं, जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी केलं, नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने. उत्खनन करणाऱ्यांना इथे स्तूप आणि विहार दिसले. दुसरीकडे हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की टेकडीवरचं मुख्य बांधकाम पाचव्या शतकातलं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरेश्वर शिवमंदिर आहे, आणि तसं नाव असलेले मातीचे ठसे (मुद्रांचे) इथेच सापडलेत. मला वाटतं दोन्ही बाजू डोक्यात ठेवूनच चढावं, म्हणजे डोळे उघडे राहतात. चढताना एकावर एक आलेले थर बघा, कुठे विटांचे छोटे चौकोनी कप्पे दिसतील, माती भरून टेकडीला आधार द्यायला केलेले, कुठे ताऱ्यासारखे कोन काढलेला पाया, कुठे भिंतीत कोरल्यासारखे स्तंभ. वरून तलाव दिसतो, तिथे थोडं बसाच. इथेच सापडलेली शिवाची मूर्ती दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, आपल्या मातीतली एवढी देखणी मूर्ती, निघण्याआधी तिचा फोटो नक्की बघून घ्या. टेकडीजवळच दुसरी साइट आहे, तिला राजवाडा म्हणतात, प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर हीच असं बरेच लोक मानतात, तीही सोडू नका.

विटांवर चढून सेल्फी काढू नका, कृपा करून. दीड हजार वर्षं टिकलंय ते आपल्या पायाने निखळायला नको.

दुपारी रामटेकला जेवा आणि गडावर जा, वानरं लय आहेत, हातात पिशवी दिसली की ओढतात, गाडीच्या काचा बंद ठेवा. केवल नरसिंह मंदिर मात्र शोधून बघाच, तिथला वाकाटक शिलालेख प्रभावतीगुप्ताच्या घराण्याशी जोडला जातो, ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि प्रवरसेनाची आई, नवरा गेल्यावर पोरं लहान असताना राज्य तिनेच सांभाळलं. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत आणि रामनवमीला मात्र गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगच मिळत नाही.

वेळ उरला तर नगरधनचा किल्ला, रामटेकच्या दक्षिणेला. गावातल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताचा मातीचा ठसा मिळालाय, त्यामुळे सकाळी मनसरला बघितलेलं सगळं इथे जुळायला लागतं. साडेपाचपर्यंत परत फिरा, संध्याकाळी कामठी रोडला ट्रॅफिक असतो, आणि गाडी द्यायच्या आधी घेतली होती तेवढंच पेट्रोल भरून पावती ठेवा.