आधी बेडका, मग बाकीचं: रेझिस्टन्सच्या कामात येणाऱ्यांसाठी

एमएस्सी मायक्रो झालेली पोरं विचारतात, ताई अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या (जंतू औषधांना दाद देईनासे होतात, त्याच्या) कामात यायचंय तर आधी काय शिकू, व्होनेट (रेझिस्टन्सचे आकडे ठेवायचं सॉफ्टवेअर) का सिक्वेन्सिंग (जंतूचा डीएनए वाचणं). मी म्हणते आधी बेडका नीट घ्यायला शिका. लातूरला लॅबमध्ये लागले तेव्हा पहिले तीन महिने मी तेच केलं.

पेशंटनं नुसती थुंकी दिली तर प्लेटवर तोंडातलेच जंतू उगवणार, मग त्याची सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी) लावून काय उपयोग. म्हणून आधी ग्रॅम स्टेन (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघणं), लो पॉवरच्या फील्डमध्ये एपिथेलियल सेल्स (तोंडातल्या पेशी) 10 च्या आत आणि पस सेल्स 25 च्या वर, नाहीतर सॅम्पल परत मागवा. ऊसतोडीवरून आलेल्या एका मावशींना मी शेजारी बसून सांगत होते, "थुंकी नको मावशी, छातीतून खाकरून काढा", तर बोलता बोलता कळलं की मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या तीन दिवसांपासून चालू आहेत. फॉर्मवर त्याचा पत्ताच नाही. गोळ्या चालू असल्यावर जंतू कुठून वाढणार, कल्चरमध्ये काहीच आलं नाही.

न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा एक जंतू, तर लै नाजूक. मे महिन्यात तालुक्यावरून सॅम्पल यायला दुपार झाली की तो मेलेला असतो आणि आपण ‘नो ग्रोथ’ लिहून मोकळे. त्याला मेंढीच्या रक्ताची प्लेट लागते, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, नुसतं वाढवायला मेणबत्तीची बरणी पण चालते.

माझी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. न्यूमोकोकसला पेनिसिलिन चालेल का हे चाळायला ऑक्सासिलिनची डिस्क लावतात. 1 मायक्रोग्रॅम ऑक्सासिलिनच्या डिस्कभोवती 17 मिमीचा झोन (जंतू न वाढलेली मोकळी जागा) आला आणि मी थेट ‘पेनिसिलिन रेझिस्टंट’ लिहिलं. 20 किंवा जास्त आला तर सेन्सिटिव्ह हे खरं, पण कमी आला म्हणजे रेझिस्टंटच असं नसतं, एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं ते) लावावी लागते. आमच्या लॅबच्या मॅडमनी रिपोर्ट थांबवला, एमआयसी लावली, न्यूमोनियाच्या हिशोबानं सेन्सिटिव्ह निघाला. तो रिपोर्ट गेला असता तर साध्या पेनिसिलिननं बरं होणाऱ्या पेशंटला भारीतलं औषध लागलं असतं.

रेझिस्टन्सचे आकडे काढताना एका पेशंटचा पहिलाच आयसोलेट (सॅम्पलमधून वाढवून वेगळा केलेला जंतू) धरा. व्हेंटिलेटरवरच्या एकाच माणसाची क्लेबसिएला (हाही एक जंतू) चारदा आली आणि चारदा मोजली तर सगळा वॉर्ड रेझिस्टंट दिसतो. आणि एका जातीच्या जंतूचे 30 आयसोलेट होईपर्यंत टक्केवारी काढूच नका.

प्रोजेक्टच्या जागा वर्षा-वर्षाच्या असतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आमच्या फॉर्मवर आता ‘आधी घेतलेल्या गोळ्या’ असा रकाना आहे, तो रिकामा दिसला की मी वॉर्डला फोन लावते, आणि वॉर्डात कुणी उचलला नाही तर जिना चढून जाते.