गोदामाची चावी कोणाकडे? गावातली मिल चालवताना शिकलेलं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझी छोटी डाळ मिल आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, नऊ वर्षांपासून मी पाहते. कायमची चौदा माणसं आहेत, त्यांतल्या सहा बाया वाळवणाच्या ओट्यावर असतात. अशी दहा-वीस माणसांची मिल, गिरणी किंवा वर्कशॉप चालवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत चाळीस क्विंटल तूर ओट्यावर पसरलेली होती. तूर रोलरवर खरडून, तेल चोळून रात्रभर ढिगात ठेवायची आणि मग दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, तेव्हा कुठे टरफल नीट सुटतं. म्हणजे त्या ओट्यावर आमची आठवड्याची मेहनत होती. मी यवतमाळला बँकेत, फोन आवाज बंद करून पर्समध्ये. गोदामाची चावीही त्याच पर्समध्ये. आणि ताडपत्र्या गोदामात.

अवकाळी पाऊस वीसच मिनिटं पडला. मी परतले तेव्हा बाया खराट्यांनी पाणी लोटत होत्या आणि ओट्याच्या कडेला फुगलेल्या तुरीचे पिवळट ढीग लागले होते. मी मिस्त्रीकाकांवर ओरडले. त्यांनी खाली पाहिलं. बोलल्या त्या ओट्यावरच्या सगळ्यांत जुन्या मावशी: "ढग तं दुपारपासूनच दिसून राह्यला होता, ताई. पन कुलूप तोडलं असतं तं तुमी काय म्हनल्या असत्या?"

खरं आहे, मी रागावलेच असते. त्या लॉटची डाळ डागी निघाली, भाव पाडून विकावी लागली. पण मावशींचं ते वाक्य मनातून गेलं नाही. आभाळ ओळखणारी बाई ओट्यावर हजर होती, हुकूम मात्र तीस-चाळीस किलोमीटर दूर माझ्या पर्समध्ये होता.

तेव्हा पहिलं काम हे करा. एक वही घ्या आणि सात दिवस, तुम्हाला कोणी काहीही विचारलं की ते लिहा. कोणी विचारलं, काय विचारलं, एवढंच. माझ्या वहीत आठवड्यात एकसष्ट प्रश्न आले. बेअरिंग आणू का, ट्रॅक्टरवाल्याला थांबवू का, चुनी (डाळीचा चुरा) कोणत्या पोत्यात भरू, आज लवकर जाऊ का. त्यांतल्या चाळीसेक प्रश्नांचं उत्तर विचारणाऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. असे प्रश्न वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव लिहा. दोन नावं लिहू नका, दोघांवर टाकलेलं काम कोणाचंच राहत नाही.

मग ते सगळ्यांसमोर जाहीर करा. हे चुकवू नका. एकट्याला बाजूला घेऊन "तुम्ही पाहा बरं का" म्हटलं तर बाकीचे त्याचं ऐकत नाहीत. मी सकाळी मिल सुरू होण्याआधी सर्वांना बोलावलं आणि चावी मावशींच्या हातात दिली. ढग पाहून ताडपत्री टाकायची की नाही, हे त्या ठरवतील. त्यांनी सांगितलं की हमाल, मिस्त्री, माझा भाचा, सगळ्यांनी हातातलं काम सोडून ओट्यावर यायचं. पाऊस आला नाही तरी त्यांना कोणी बोलायचं नाही. त्या महिन्यात त्यांनी तीनदा ताडपत्र्या टाकायला लावल्या आणि पाऊस एकदाच आला. दोन दुपारचं ऊन वाया गेलं, ते मी मुकाट्याने सोसलं. त्या दोनपैकी एका दिवशी जरी मी कपाळाला आठी घातली असती, तर पुढचा ढग पाहून मावशींनी आधी मलाच फोन लावला असता.

पैशांच्या निर्णयाला मर्यादा घाला. मिस्त्रीकाका दोन हजारांपर्यंतचा सुटा भाग न विचारता आणतात, त्यासाठी वेगळा गल्ला आहे. बिल गल्ल्यात टाकायचं, हिशोब शनिवारी. पहिल्याच महिन्यात त्यांनी बी-७२ ऐवजी बी-६८ मापाचा मशीनचा पट्टा आणला. अर्धा दिवस मिल बंद. मी संध्याकाळी सगळे गेल्यावर विचारलं, "काका, कशामुळे झालं?" तर जुन्या पट्ट्यावरचा आकडा पुसला गेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक मशीनच्या बाजूला भिंतीवर ऑइल पेंटने पट्ट्याचे आणि बेअरिंगचे नंबर लिहिले. तशी चूक परत झाली नाही. चारचौघांत माणसाला टाकून बोललं की तो चूक करायची थांबत नाही, सांगायची थांबतो. यंत्राच्या कामात ते फार महागात पडतं.

मजुरीबद्दल माझं मत पक्कं आहे: वार ठरवा आणि तो कधीही मोडू नका. आमचा बाजार शुक्रवारी, म्हणून चुकारा गुरुवारी संध्याकाळी पाचला. उचलीच्या दोन वह्या ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक मजुराच्या घरी, दोन्हींत एकाच वेळी आकडा लिहायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांची शाळेत जाणारी मुलं रात्री वाचून दाखवतात. आमच्याकडची निम्मी भांडणं उचलीवरून व्हायची, ती मिटली. आणि एकाच कामाला बाई-पुरुष मजुरी सारखीच द्या. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, तरी गावात अजून "बाईचा भाव" वेगळा बोलतात. पोतं शिवणारी बाई आणि पोतं शिवणारा माणूस, दोघांचे टाके मी मोजून पाहिले आहेत.

मजुरी वेळेवर द्यायची तर वसुली वेळेवर हवी. छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, केली नसेल तर करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत होते. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंद असली की घेणाऱ्या व्यापाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही हे लागू झालं: मुदत टळली, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत व्यापाऱ्याला त्या खरेदीचा खर्च दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

नातेवाईक कामावर असेल तर हजेरीचं रजिस्टर त्यालाही. माझा भाचा उशिरा आला की त्याचीही अर्धी हजेरी लागते. नणंदबाई वर्षभर बोलल्या नाहीत, मला त्याचं वाईट वाटलं, पण नियम तसाच ठेवला.

सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे हंगाम. तूर जानेवारी ते मार्च जोरात येते, पाठोपाठ हरभरा. पावसाळ्यात वाळवण होत नाही, मिल मंदावते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची कापणी, मग कापसाची वेचणी, आणि बाया तिकडे जातात. पूर्वी मी याला बेइमानी समजायचे. आता दरवर्षी पोळ्याच्या आधी सर्वांना बसवून सांगते की कोणत्या महिन्यात किती दिवस काम नक्की देता येईल. जेवढं देता येईल तेवढंच सांगते, उगाच आशा लावत नाही. बाकीच्या दिवसांत त्या वेचणीला मोकळ्या. तूर सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी मावशी घरोघरी निरोप देतात. कोणाला परत घ्यायचं, नवीन कोण हवं, तेही आता त्याच सांगतात. मी फक्त रजिस्टरवर नावं चढवते.